टकळीसारखी दीर्घिका दुर्बिणीतून कशी पाहावी

भिंगाकार (तबकडी असलेली, पण सर्पिल भुजा नसलेली) दीर्घिका कशी असते, हे एनजीसी ३११५ (एनजीसी या खगोलीय सूचीतील क्रमांक) एकदा डोळ्यांनी पाहिली की व्याख्या पाठ करण्यापेक्षा फार चांगले कळते. षडंश (सेक्स्टन्स) या अंधुक तारकासमूहातील ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे ३ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर आहे. विल्यम हर्शेल यांना ती २२ फेब्रुवारी १७८७ रोजी सापडली. आपल्याला ती कडेने दिसते, म्हणून सूत कातण्याच्या टकळीवरून तिला ‘स्पिंडल’ (टकळी) हे नाव पडले.

तिची दृश्यप्रत (दिसणाऱ्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधुक) सुमारे ९ असून प्रकाश लहानशा जागेत एकवटलेला आहे, त्यामुळे १०० मिलिमीटर व्यासाची दुर्बीणही पुरते. मार्चअखेरची चंद्र नसलेली रात्र निवडावी; पुण्याच्या परिसरातून ती दहा-साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला सुमारे ६४ अंश उंचीवर असते. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास द्यावा आणि नकाशा मंद तांबड्या उजेडातच पाहावा, कारण मोबाइलचा पडदा एकदा उजळला की तो अर्धा तास वाया जातो.

मघा ताऱ्याच्या दक्षिणेला एकटाच चमकणारा नारिंगी अल्फार्ड हा तारा आधी ओळखावा. तेथून पूर्वेकडे ६ अंश सरकले की षडंशमधील पाचव्या प्रतीचा तारा गॅमा सेक्स्टँटिस लागतो. तीच दिशा धरून, किंचित उत्तरेकडे कल ठेवत आणखी ३ अंश गेले की दीर्घिका दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात येते. शोधताना ५० पट वर्धन ठेवावे, सापडल्यावर ते १२० पर्यंत वाढवावे. मध्यभागी ताऱ्यासारखा ठळक गाभा आणि ईशान्य-नैऋत्य दिशेने निमुळती होत गेलेली दोन टोके दिसतात. ही टोके थेट रोखून पाहिली तर विरतात, नजर जराशी बाजूला ठेवली की उमटतात.

खरी गंमत तुलनेत आहे. त्याच रात्री उशिरा कन्या राशीतील सोंब्रेरो दीर्घिका पाहावी. २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून तिच्यातील धुळीचा काळा पट्टा जाणवतो, एनजीसी ३११५ मध्ये मात्र तसा पट्टा नाही. तिच्यात वायू आणि धूळ फारच थोडी उरली आहे, नवे तारे जवळपास जन्मत नाहीत आणि प्रकाश येतो तो मुख्यतः म्हाताऱ्या, पिवळसर ताऱ्यांचा. १९९२ मध्ये गाभ्याजवळच्या ताऱ्यांच्या वेगावरून तेथे सूर्याच्या अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असल्याचे मांडले गेले.

पाहून झाल्यावर लगेच पेन्सिलीने आकृती काढावी. छायाचित्रांत तिची लांबी चंद्रबिंबाच्या जवळपास पावपट भरते. आकृतीत ती आखूड आली तर टोके निसटली असे समजावे आणि पुन्हा नेत्रिकेला (दुर्बिणीच्या डोळ्याकडील भिंगाला) डोळा लावावा.