कपाटाची किल्ली कोणाकडे?

शाळेला लॅपटॉप मिळाले की पहिल्या आठवड्यात अभिनंदनाचे फोन येतात. दुसऱ्या आठवड्यात तिसरीतलं एखादं पोर विचारतं, "सर, हे चालू का होत नाही?" आणि ते विचारायला तुमच्याकडे कोणीच नसतं. नव्याने या भानगडीत पडणाऱ्यांसाठी हे लिहितोय. लॅपटॉप कुठला घ्यावा, हे यात सापडणार नाही; अडलं तर सोबतीला माणूस कसा मिळवायचा, ते सापडेल.

माझी पहिली शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. 2016 साली ग्रामपंचायतीने चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीतून सहा लॅपटॉप दिले. मुख्याध्यापकपदाचा कार्यभार सांभाळणाऱ्या बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी ज्येष्ठ. त्या म्हणाल्या, "सर, यातलं मला काही कळत नाही, तुम्हीच बघा." मला ते ऐकून बरंच वाटलं. खरं सांगतो, फार बरं वाटलं. तिथेच चुकलो.

चार्जिंगला मीच लावायचो. जीकॉम्प्री आणि टक्स पेंट ही मुलांची खेळाची-चित्रांची सॉफ्टवेअर मीच टाकली. पासवर्ड माझ्या डोक्यात, कपाटाची किल्ली माझ्या खिशात, आणि खातं माझ्या मोबाईल नंबरला जोडलेलं. केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, माझी ओळख 'तंत्रस्नेही' अशी झाली. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, दोनदा सादरीकरण केलं, टाळ्या घेतल्या. बाई मागे बसून ऐकत होत्या.

2018 मध्ये ऑनलाइन बदल्या झाल्या आणि मी चाळीस किलोमीटरवर गेलो. दिवाळीनंतर सहज फोन केला, तर लॅपटॉप जूनपासून कपाटात. माझ्या जागी आलेल्या सरांना पासवर्ड माहीत नव्हता. खातं उघडायचं तर ओटीपी माझ्याच मोबाईलवर येणार. महिनोन् महिने न लावल्याने दोन बॅटऱ्या चार्जच घेत नव्हत्या. मी चिडून बाईंना म्हणालो, निदान चार्जिंगला तरी लावायचे होते! त्या शांतपणे म्हणाल्या, "दोन वर्षांत तुम्ही मला कधी हात लावू दिलात?"

मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून हा सापळा जरा जास्तच फोड करून सांगतो. आधाराला माणूस शोधायचा म्हटलं की आपण आपल्याहून जास्त येणाऱ्याकडे बघतो, आणि शेजारच्या वर्गातला, काहीच न येणारा माणूस हिशेबात धरत नाही. पण तुम्ही रजेवर असाल, निवडणुकीच्या कामावर असाल, तेव्हा कपाट उघडणार तोच. त्याला येत नाही म्हणून तुम्ही करून टाकता, तुम्ही करून टाकता म्हणून त्याला कधीच येत नाही. वर जडसंग्रह नोंदवहीची, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंद असते त्या वहीची भीती. लॅपटॉप फुटला तर वसुली होईल, निर्लेखनाचे, म्हणजे मोडकी वस्तू नोंदीतून काढायचे कागद कोण करणार, असं प्रत्येकाच्या मनात असतं आणि तोंडाने कोणी बोलत नाही. 'इच्छा नाही' असं आपण ज्याला म्हणतो, ती पुष्कळदा ही भीती असते. नव्या शाळेत मी आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय घेतला: मुलं वापरणार, वापरताना वस्तू बिघडूही शकते. तसं इतिवृत्तात आलं आणि सहकारी बाईंचा हात मोकळा झाला.

देशात ओएलपीसीचे ('वन लॅपटॉप पर चाइल्ड', दर मुलामागे एक लॅपटॉप देण्याचा जागतिक प्रकल्प) ते हिरवे-पांढरे लॅपटॉप 2007 साली पहिल्यांदा आले, ते रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत. यंत्राविषयी मी बरंच वाचलं. त्या एकट्या गुरुजींनी अडलं तेव्हा कोणाला विचारलं असेल, हा प्रश्न मला स्वतःची फजिती झाल्यावरच पडला.

आता बाहेरच्या मदतीविषयी. व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा भरवसा नाही. आमचा ग्रुप तेव्हा 256 जणांनी भरलेला होता; प्रश्न टाकला की त्याच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि फुलांचा ढीग. मोठमोठे मार्गदर्शक सर असतात, चांगले असतात, पण त्यांच्या शाळेत नेट असतं आणि भरदुपारी वीज जात नाही. दोन दिवसांच्या प्रशिक्षणातून मी एकदा फक्त फाइल घेऊन आलोय.

मला उपयोगी पडले ते तीन किलोमीटरवरच्या वस्तीशाळेतले एक सर. ते काही तज्ज्ञ नव्हेत. पण विंडोजच्या अपडेटने माझ्या हॉटस्पॉटचा सगळा डेटा एका दुपारी खाल्ला, तेव्हा 'मीटर्ड कनेक्शन' ही डेटा वाचवणारी सेटिंग चालू करून ठेवा, हे त्यांनी सांगितलं, कारण आदल्याच महिन्यात त्यांचाही गेला होता. जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या लॅपटॉपवर अगम्य का दिसतात, हे मी त्यांना दाखवलं. कुठल्याही यंत्रावर मराठी नीट दिसावी म्हणून युनिकोड आणि ते टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोघं मिळून शिकलो, रडतखडत.

असा माणूस शोधायचा कसा? शिक्षण परिषदेत सादरीकरण करू नका. चहाच्या वेळी बिघडलेला लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि "हे मला जमत नाहीये" म्हणा. जो खुर्ची ओढून बसेल, तो तुमचा. आमच्या केंद्रात तिघं बसले, एक जण लगेच उठला. दोघं पुष्कळ झाले. मग एकमेकांच्या वर्गात मागे जाऊन बसा. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं होतं, गोंधळ सगळा उघडा पडतो; पण समोरच्याच्या वर्गातही माऊसवरून तशीच मारामारी चालते, हे बघून जीव भांड्यात पडतो.

नव्या शाळेतल्या सहकारी बाईंसाठी मी एकच नियम केला: शुक्रवारी लॅपटॉप त्यांनीच काढायचे, मी वर्गाबाहेर थांबायचं. पहिले दोन शुक्रवार वाया गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी चौथीच्या पोरीला विचारून प्रोजेक्टर जोडला. मी खिडकीतून बघत होतो, आत जायचा मोह आवरत.

गेल्या वर्षी आईच्या आजारपणात पंधरा दिवस रजेवर होतो. परत आलो तर चार्जरवर रंगीत चिकटपट्ट्या, लॅपटॉपना क्रमांक आणि पासवर्ड बदललेला. बाईंना विचारला, तर त्या म्हणाल्या, "थांबा, मधल्या सुट्टीत सांगते."