कोजागरीची मैफल, समुद्रकिनारी

कोकण किनाऱ्यावर पौर्णिमेला भरती साधारण दुपारी 12 आणि मध्यरात्रीच्या सुमारास असते. म्हणजे संध्याकाळी 6 ला ओहोटी, वाळू ऐसपैस, आणि मंडळी हमखास पुढे जाऊन सतरंजी अंथरतात. मग ऐन रंगात आलेल्या मैफलीत पाणी पायाशी येतं! वाळलेलं शेवाळ, शिंपले, काटक्या यांची जी रेघ दिसते, ती मागच्या भरतीची खूण. तिच्या वर 20-25 पावलं, सुरूच्या कडेला बसा.

संध्याकाळी वारा बहुधा समुद्राकडून येतो. गाणाऱ्यांची पाठ समुद्राकडे ठेवा, म्हणजे आवाज वाऱ्याबरोबर श्रोत्यांकडे जातो. उलटं बसलात तर मागच्यांना नुसत्या लाटा ऐकू येतील.

पेटी वाळूवर कधीच ठेवू नका. भाता हवेबरोबर बारीक रेती ओढतो, ती सुरांच्या पट्ट्यांत बसते आणि सूर अडकतो. खाली पाट हवाच. दमट हवेने तबल्याची पुडी सैल पडून स्वर उतरतो. हातोडी जवळ असू द्या, दर दोन गाण्यांनंतर स्वर लावून घ्या. ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते आणि रात्री 10 ला तो बंद करायचा.

खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडी भेळ. ओल्या खोबऱ्याची चटणी नको, ती लवकर आंबते. मसाला दूध 10 जणांना 2 लिटर घ्या, घरीच आटवून दीड करा आणि कढत असतानाच थर्मासमध्ये भरा. किनाऱ्यावर आटवायला ठेवलंत, तर प्रत्येक घोटात वाळू कचकचेल.