भात सोंगणीच्या दिवसांत अकोले तालुक्यात स्वयंपाक शिकायला जाताना

बारी, शेंडी, रतनवाडी, घाटघर, राजूर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात, खाचरापासून ताटापर्यंतचं जेवण शिकायला जायचं मनात असेल, तर सुट्टीचा अर्ज टाकण्याआधी ज्या घरी शिकणार तिथे फोन करा आणि भात कुठवर आलाय ते विचारा. लवकर पिकणारी हळवी भातं दसऱ्याच्या सुमारास सोंगणीला, म्हणजे कापणीला, येतात, मागून निमगरवी, आणि उशिरा पिकणारी गरवी सगळ्यात शेवटी. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर सरेपर्यंत कुठल्या ना कुठल्या खाचरात इळा (विळा) चालू असतो. परतीचा पाऊस रेंगाळला की सगळंच पुढे ढकललं जातं, म्हणून रजा थोडी मागेपुढे करता येईल अशीच घ्या. निदान तीन मुक्काम धरा. सोंगणी, वाळवण, झोडणी, उफणणी आणि मग कांडण ही कामं एका दिवसात एका जागी दिसत नाहीत. एका घराचं भात खळ्यावर येतं तेव्हा शेजारच्याचं अजून उभं असतं, त्यामुळे दोन-तीन घरांशी बोलणं झालेलं असेल तर सगळे टप्पे पाहता येतात.

कॅलेंडरात एकादशीही बघून ठेवा. कार्तिकी एकादशीला बऱ्याच घरी उपास असतो. त्या दिवशी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी शिकायचा हट्ट धरू नये. पण उतारावर पिकलेली वरई, म्हणजे आपली भगर, तिथे कशी कांडतात आणि शिजवतात हे विचारायला तोच दिवस चांगला. आठवडे बाजाराचा वारही आधी विचारून घ्या. त्या दिवशी घरातली माणसं बाजाराला जातात, तुम्हीही सोबत जा.

फोनवर बोलताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट स्पष्ट सांगा: आम्हाला तुमचं रोजचं जेवण शिकायचंय. हे सांगितलं नाही तर पाहुणा आला म्हणून कोंबडं कापलं जाईल किंवा दुकानातून पनीर आणलं जाईल. भंडारदऱ्याच्या धरणाकाठी तंबूत राहायला येणाऱ्या पर्यटकांमुळे ‘शहरातल्यांना हेच लागतं’ असा अनेकांचा समज झालाय. खरा ठेवा आहे तो नागलीची भाकरी, हुलग्याचे (कुळथाचे) शेंगोळे, खुरासणीची (कारळ्याची) चटणी, वालाचं कालवण आणि नव्या तांदळाचा भात यांत. तुमच्यापैकी कोणाला शेंगदाणा, तीळ किंवा आणखी कशाची ॲलर्जी असेल, कोणाला तिखट अजिबात चालत नसेल, कोण मांसाहार करत नाही, हेही तेव्हाच सांगा. चुलीपुढे बसल्यावर नव्हे.

पैशांचं बोलणं संकोच न करता आधीच करावं. राहण्याचे आणि जेवणाचे पैसे सगळेच देतात. शिकवण्याचे वेगळे द्या, आणि जी मावशी किंवा आजी चुलीपुढे बसून शिकवणार आहे तिच्या हातात द्या. सोंगणीच्या दिवसांत तिच्या वेळेला मजुरीचा भाव असतो. तुमच्यासाठी ती अर्धा दिवस घरी थांबली तर तेवढी रोजंदारी बुडते. हा हिशोब शिकायला जाणाऱ्याने स्वतःहून मांडायला हवा. तिला मांडायला लावू नये. माणसंही मोजकीच न्या. एका चुलीभोवती पाच-सहा जणांहून जास्त बसले की मागच्यांना फक्त धूर दिसतो.

जाण्याआधी घरी थोडी भाकरी थापून बघा. ज्वारी-बाजरीची भाकरी जमत असेल तरी नागलीचं पीठ वेगळं वागतं. त्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून ते कढत पाण्यात भिजवून चांगलं मळावं लागतं, आणि कडेने चिरा पडतातच. पहिली तुटलेली भाकरी आपल्याच ओट्यावर तुटली म्हणजे तिथे वेळ कामाच्या प्रश्नांना मिळतो: पाणी किती कढत, आच कुठे ओढून घ्यायची, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी कधी फिरवायचं. जमिनीवर मांडी घालून तासभर बसण्याची सवय नसेल तर तीही करा. पाट्यावर वाटणं, जात्यावर दळणं, सुपात पाखडणं, सगळं खाली बसूनच चालतं.

पिशवीत पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेत, कारण झोडणीच्या वेळी साळीचं, म्हणजे टरफलासकट भाताचं, कूस अंगाला लागून खाज सुटते. पायात बंद बूट घाला. कापलेल्या भाताची धसकटं चपलेतून टोचतात. टोपी, डोक्याला बांधायला पंचा किंवा ओढणी, विजेरी, पाण्याची बाटली, नेहमीची औषधं. नोव्हेंबरच्या रात्री तिथे चांगलीच थंडी असते. कळसूबाई, १६४६ मीटरचं राज्यातलं सर्वांत उंच शिखर, डोक्यावरच आहे. स्वेटर आणि अंथरायची चादर आपली न्या, घरातली कांबळी-गोधड्या घरच्यांनाच पुरू द्या. मोबाईलला रेंज सगळीकडे नसते, तेव्हा पत्ते, नंबर आणि रस्ता कागदावर लिहून ठेवा, आणि सुट्टे पैसे जवळ असू द्या.

वही-पेन न्या, आणि एक छोटा वजनकाटा जरूर न्या. तिथल्या पाककृती मुठीत, ओंजळीत आणि मापट्यात सांगितल्या जातात. जुनं कोष्टक पाठ करून जा: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी एक शेर, दोन शेर एक अधोली, दोन अधोल्या एक पायली. ही मापं भरून मोजायची आहेत, त्यामुळे एका मापट्यात मावणाऱ्या साळीचं वजन आणि तांदळाचं वजन सारखं भरत नाही. मावशींनी मुठीने पीठ घेतलं की ते काट्यावर ठेवून आकडा लिहा, पण मूठही लिहा: मोठी, सैल, दाबून भरलेली. पाण्याचंही तसंच. नवा तांदूळ कमी पाणी पितो आणि लवकर मऊ होतो, जुन्याला जास्त लागतं; म्हणून तांदूळ कोणत्या जातीचा, किती महिन्यांचा, हातसडीचा की गिरणीतला, एवढं लिहिल्याशिवाय भाताची कृती पुरी होत नाही. फोटो आणि व्हिडिओ विचारून घ्या. देवघरात आणि चुलीजवळ चपला न्यायच्या नाहीत हे सांगायला नकोच.

प्रश्नांची यादी घरीच करून न्या, ती चुलीपुरती ठेवू नका. भाताचं काम सोंगणीच्या फार आधी, उन्हाळ्यात राब भाजण्यापासून, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळण्यापासून, सुरू होतं. मग पावसात आवणी, म्हणजे रोपांची लावणी. काळभात या जातीचं भात कुणाकडे आहे ते विचारा. त्याचं टरफल काळसर आणि आतला दाणा पांढरा, सुवासिक. नाव ऐकून काळ्या तांदळाची वाट बघत बसू नका. जिरवेल ही भाताची जात कोण लावतं, का लावतं, आणि ज्यांनी सोडलं त्यांनी का सोडलं, हे विचारलं तर स्वयंपाकाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. गोठ्यातल्या डांगी गाई-बैलांची चौकशी करा. त्यांची कातडी तेलकट, त्यामुळे मुसळधार पावसातही ही जनावरं टिकतात. पण ही जात शेतीकामाची, दूध बेताचं. चहा कोरा आला तर दूध मागू नका.

याच तालुक्यात कोंभाळणे आहे, राहीबाई पोपेरे यांचं गाव. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान वाण जपून ठेवले. २०१८ साली बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. तिथली बियाणे बँक बघायची तर आधी रीतसर विचारून, वेळ ठरवून जा. वाटेवरचं प्रेक्षणीय स्थळ म्हणून डोकावू नका. बी मागायचं असेल तर ते पेरायला जमीन, निदान परसबाग, हवी आणि पुढच्या हंगामात बी परत करायची तयारी हवी. आठवण म्हणून मूठभर बी नेऊन काचेच्या बरणीत ठेवणं मला मुळीच पटत नाही. ते बी गावातल्या एखाद्या शेतात उगवलं असतं.

मुंबईकडून येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरून घोटीमार्गे यावं, पुण्याकडून संगमनेर-अकोले-राजूर असा रस्ता आहे. घोटीला भाताच्या गिरण्या आहेत, तिथे थोडा वेळ राखून ठेवा. घरी उखळात कांडलेला तांदूळ आणि गिरणीतून पॉलिश होऊन आलेला तांदूळ शेजारी शेजारी हातात घेतला की कोंड्याबरोबर काय निघून जातं ते कळतं.

परतीसाठी पिशवीत जागा आणि दोन-तीन कापडी पिशव्या ठेवा. तांदूळ, नागली, हुलगे, खुरासणी घ्यायची तर त्याच घरातून घ्या, सांगतील त्या भावाने, आणि त्यांच्या वर्षाच्या बेगमीतलं काढून मागू नका. हातसडीच्या तांदळात कोंडा आणि स्नेह असतो, तो लवकर खवट होतो आणि त्याला कीडही लवकर लागते. थोडाच घ्या, कोरड्या डब्यात ठेवा आणि आधी संपवा. घरी पोचल्यावर आठवड्याच्या आत एकदा सगळं करून बघा, वही समोर ठेवून, आणि जिथे अडेल तिथे मावशींना फोन करा. फोन संध्याकाळी करा, दिवसा त्या शेतात असतात.