साउंडबार मुका? आधी पोर्ट पाहा

एचडीएमआय केबल जोडली, तरी आवाज टीव्हीतूनच येतो? बहुतेकदा केबल चुकीच्या पोर्टात असते. टीव्हीमागे ज्या पोर्टाशेजारी 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' (ARC, eARC; टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारा पोर्ट) छापलंय, तिथेच ती लावा. साउंडबारच्या बाजूनेही तसंच. मग सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांना एकमेकांना सूचना देऊ देणारी सोय, चालू करा (प्रत्येक कंपनीचं त्याला वेगळं नाव असतं) आणि ऑडिओ आउटपुट साउंडबारवर न्या. तरीही शांत? डिजिटल आउटपुट पीसीएमवर (साध्या, न आवळलेल्या आवाजावर) ठेवा. आता आवाज आला, तर आधीचा डॉल्बी किंवा डीटीएस फॉरमॅट साउंडबारला उलगडत नव्हता.

एचडीएमआयऐवजी ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणाऱ्या) केबलने ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा आवाज मिळतो, डॉल्बी ॲटमॉस (वरूनही येणारा आवाज) मात्र नाही.

जळगाव-धुळ्याकडे लाइट जाऊन आल्यावर आवाज गायब झाला, तर टीव्ही आणि साउंडबार दोन्हींचे विजेचे प्लग काढून दोन मिनिटांनी लावा. अडकलेली सीईसी जोडणी सहसा सुटते.