जास्वंदीच्या पाल्याने सुटलेला गुंता

शहापुरात बोअरवेलचं जड पाणी, त्यात मी केलेलं स्ट्रेटनिंग. केस अगदी काथ्यासारखे झाले होते. आधी रिठा वापरला, तर आणखीच कोरडे पडले. मग खानापूरची आत्ती म्हणाली, “अगं, दासवाळाचा पाला घे की.” म्हणजे आपली जास्वंद. 10-12 पानं तासभर भिजवून त्याच पाण्यात कुस्करायची. बुळबुळीत रस सुटतो, तोच हवा. फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर चोथा केसांत अडकतो आणि निघता निघत नाही. न्हाऊन झाल्यावर हे पाणी केसांवर ओतते, 10 मिनिटांनी साध्या पाण्याने धुते. आठवड्यातून 2 वेळा. महिन्याभरात फणी अडकेनाशी झाली. दुभंगलेली टोकं मात्र कशानेही जुळत नाहीत, ती कापूनच टाकली.