नॅपी रॅश बरी होत नाही? मलम बदलण्याआधी या चुका टाळा

तान्ह्या बाळाच्या लंगोटाखालची लाली, म्हणजेच नॅपी रॅश, दहा-बारा दिवस हटत नाही म्हणून मला बोलावणे येते, तेव्हा बहुतेक घरांत एकच दृश्य दिसते. बाळाच्या उशाशी चार-पाच मलमांच्या अर्धवट वापरलेल्या ट्यूब पडलेल्या असतात आणि त्यांतले कोणते मलम कधी सुरू केले, कधी थांबवले आणि कशामुळे थांबवले, हे घरातल्या कोणालाही नेमके सांगता येत नाही. नवजात शिशू विभागात परिचारिका म्हणून मी एकवीस वर्षे काम केले आणि आता बाळंतिणींच्या घरी जाऊन पहिल्या दोन महिन्यांत मदत करते. या सगळ्या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. पुरळ चिवट होते ते बहुधा औषध कमी पडले म्हणून नव्हे, तर कारण शोधण्याआधीच औषध लावले म्हणून.

पहिली चूक : न पाहता लावणे

बाळाची शी पुसताना घाईघाईत दिसते ती फक्त लाली. लाली कुठे आहे आणि कुठे नाही, हे कोणी पाहत नाही. खरे तर कारणाचा पहिला धागा तिथेच असतो. बाळाला दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ निजवावे, दोन्ही पाय हळुवार वर घ्यावेत आणि जांघेच्या घड्या बोटांनी उलगडून पाहाव्यात. कुल्ले, मांड्यांचा आतला भाग आणि ओटीपोट असे लंगोटाला टेकणारे उंचवट्याचे भाग लाल असतील, पण घड्यांच्या आतली त्वचा स्वच्छ असेल, तर ते साधारणपणे ओल आणि घर्षण यांचे पुरळ असते. घड्यांच्या आतही गडद, ओलसर लाली असेल आणि मुख्य लालीच्या कडेबाहेर लहान लहान सुटे लाल ठिपके किंवा पुटकुळ्या दिसत असतील, तर ती बहुधा कॅन्डिडा नावाच्या बुरशीची लागण असते. लाली केवळ कमरेशी आणि मांडीभोवती पट्ट्यासारखी असेल, तर डायपरचे इलॅस्टिक काचते आहे किंवा लंगोटाची गाठ घट्ट बसते आहे, असे समजावे.

ओलीचे पुरळ कसे होते, हे एकदा समजून घेतले तर पुढच्या अर्ध्या चुका आपोआप टळतात. भिजलेली त्वचा मऊ पडते आणि कापडाच्या घासण्याने लवकर सोलवटते. त्यात शी आणि शू एकत्र आली की शीतल्या जंतूंमुळे लघवीतील युरियाचा अमोनिया होतो, त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) वाढतो आणि त्या बदललेल्या सामूत शीमधली प्रथिने व चरबी पचवणारी विकरे (एन्झाइम) अधिक जोमाने काम करू लागतात. म्हणजे अन्न पचवण्यासाठी असलेली द्रव्येच बाळाच्या त्वचेवर चालू लागतात. म्हणूनच नुसत्या शूच्या लंगोटापेक्षा शीचा लंगोट तातडीने बदलावा लागतो, आणि म्हणूनच "आताच तर बदलला होता" हे कारण मला मान्य होत नाही. अंगावर पिणारे नवजात बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पिवळी, पातळ, कणीदार शी करू शकते. ते जुलाब नव्हेत आणि त्यासाठी बाळंतिणीचे वरण-भात किंवा भाजी तोडण्याचेही काही कारण नसते.

दुसरी चूक : एका दिवसात सगळे बदलणे

या चुकीचा मला सर्वांत जास्त त्रास होतो, कारण ती प्रेमापोटी घडते आणि कारणाचा माग पुसून टाकते. सोमवारी नवे मलम, त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचे डायपर, वेगळा साबण, वेगळे तेल आणि बाळंतिणीला वेगळे जेवण. गुरुवारी लाली कमी झाली तर कशामुळे कमी झाली, हे कळत नाही, आणि वाढली तर कशामुळे वाढली, तेही कळत नाही.

चिपळूणजवळच्या एका घरातली गोष्ट मी अशा प्रत्येक कुटुंबाला सांगते. जुलै महिना होता, बाळ एकोणीस दिवसांचे होते आणि लाली बाराव्या दिवसापासून होती. तोवर तीन मलमे झाली होती, रात्री डायपर व दिवसा लंगोट असा बदल झाला होता, मालिशचे तेल बदलले होते आणि सुनेची डाळ व बटाटा बंद झाला होता. मी बाळाला पाहिले, तर लाली सगळी उंचवट्यांवर होती आणि जांघा स्वच्छ होत्या. लंगोट दर दोन तासांनी बदलत होते, त्यामुळे ओल फार वेळ राहत होती असेही म्हणता येत नव्हते. मग मी लंगोट धुतात कसे, ते दाखवायला सांगितले. घरातल्या आजी मनापासून स्वच्छता पाळणाऱ्या होत्या. त्या लंगोट रात्रभर धुण्याची पावडर आणि जंतुनाशक द्रव घातलेल्या बादलीत भिजवत, सकाळी चोळत आणि एकदाच पाण्यातून काढून माजघरातल्या दोरीवर वाळत घालत. "सिस्टर, ते औषध धुऊनच टाकायचे तर घालायचे कशाला?" असे त्यांनी मला विचारले. मी दोरीवरचा एक वाळलेला, स्वच्छ म्हणून ठेवलेला लंगोट घेतला, परातीत कोमट पाणी घेऊन त्यात चोळला. पाण्यावर फेस आला आणि जंतुनाशकाचा वास साऱ्या खोलीत पसरला. त्या लंगोटात बाळ दिवसरात्र होते. शूने कापड भिजले की ते सगळे पुन्हा विरघळून कोवळ्या त्वचेला लागत होते.

त्या दिवशी मी मलमे थांबवली नाहीत की तेल बदलले नाही. फक्त सगळे लंगोट साध्या पाण्यातून वास आणि फेस पूर्ण जाईपर्यंत काढले, जंतुनाशक बंद केले आणि पावसामुळे ऊन नव्हते म्हणून पूर्ण वाळल्यावर प्रत्येक लंगोटाला दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करायला सांगितली. चौथ्या दिवशी लाली निम्म्याहून कमी झाली आणि आठव्या दिवशी त्वचा साफ होती.

पण ही गोष्ट इथे संपली नाही, आणि उरलेला भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तीन आठवड्यांनी त्याच घरातून फोन आला. लाली परत आली होती आणि सगळे मिळून लंगोट पाच-पाच वेळा पाण्यातून काढत होते. मी पुन्हा गेले. या वेळी जांघेच्या घड्या गडद लाल होत्या, कडेबाहेर सुटे ठिपके होते आणि बाळाच्या गालांच्या आतल्या बाजूला पांढरा थर होता, जो दुधाच्या सायीसारखा सहज पुसला जात नव्हता. विचारल्यावर कळले की मधल्या काळात बाळंतिणीच्या स्तनाला सूज येऊन तिने प्रतिजैविकांचा कोर्स घेतला होता आणि आता पाजताना तिच्या स्तनाग्रांची आग होत होती. बाळ तेच होते आणि लंगोटही तेच होते, कारण मात्र आता वेगळे होते. प्रतिजैविकांनी नेहमीचे जंतू कमी झाले की बुरशीला वाव मिळतो, आणि ओलीने सोलवटलेल्या त्वचेवरही ती तीन-चार दिवसांत बस्तान बसवू शकते. बालरोगतज्ज्ञांनी बाळाला आणि आईला दोघांनाही बुरशीवरचे औषध दिले. एकालाच दिले असते, तर लागण एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली असती.

म्हणून मी प्रत्येक घरी एक साधी वही ठेवायला लावते. तारीख, शी किती वेळा झाली, काय लावले, काय नवीन सुरू केले आणि आईने किंवा बाळाने कोणते औषध घेतले, इतकेच तीत लिहायचे. बाळ बाकी ठणठणीत असेल तर एक बदल करून तीन दिवस थांबायचे. रोज सकाळी त्याच खिडकीपाशी एक फोटो काढायचा, कारण काळजीत पडलेल्या आईला कालची लाली नेहमी कमी आणि आजची नेहमी जास्त वाटते. हे तीन दिवस थांबणे अनेकांना जमत नाही. पहिल्या बाळाच्या वेळी रात्रीतून गुण हवा असतो, हे मी समजू शकते. पण उताविळीने बदललेले प्रत्येक मलम कारणावर आणखी एक पांघरूण घालते.

तिसरी चूक : शेजारणीला गुण आलेली ट्यूब

बुरशी, जंतू आणि खाज या तिन्हींवर चालणारे म्हणून औषधांच्या दुकानात एक मिश्र मलम सर्रास मागितले जाते. त्यात बुरशीवरचे औषध असते, प्रतिजैविक असते आणि सोबत बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड असते. हे मलम नवजात बाळाच्या लंगोटाखाली लावलेले पाहिले की मला खरोखर भीती वाटते. स्टेरॉइड सूज दाबते, त्यामुळे दोन दिवसांत लाली ओसरल्यासारखी दिसते आणि घरच्यांना वाटते की औषध सापडले. खाली बुरशी मात्र वाढत राहू शकते. ट्यूब थांबवली की लाली अधिक पसरून परत येते आणि मग तीच ट्यूब पुन्हा उघडली जाते. बाळाची त्वचा पातळ, त्यावर घट्ट डायपर, म्हणजे मलम लावून वर पट्टी बांधल्यासारखेच झाले. त्यामुळे औषध त्वचेतून शरीरात अधिक शोषले जाते. असे आठवडेच्या आठवडे चालले तर त्वचा विरळ होते आणि बाळाच्या शरीरातल्या संप्रेरकांच्या कामातही बिघाड होऊ शकतो.

बेटामेथासोनसारखी त्वचेवर लावायची स्टेरॉइडे २०१८ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातली गेली, तरीही ती कशी सहज मिळतात, हे मी घरोघरी पाहते. डॉक्टर कधीकधी सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस देतात. ती गोष्ट वेगळी, कारण त्यांनी बाळ पाहिलेले असते आणि मुदत ठरवलेली असते. माझा आग्रह इतकाच की ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचावीत. शेवट 'सोन' किंवा 'सोल' असा असलेले नाव दिसले तर लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे. 'झोल' म्हणजे क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल ही बुरशीवरची औषधे आहेत. पण नावांत गोंधळ वाटला तर अंदाज करत बसू नये, ट्यूबच दाखवावी.

ज्या चुका थोडक्यात सांगता येतात

पावडर लावू नये. टाल्कचे कण श्वासातून बाळाच्या फुप्फुसांत जातात आणि पावडर ओलीने गोळा होऊन घड्यांत उलट घासते. बोरिक पावडर तर घरात असू नये, कारण सोलवटलेल्या त्वचेतून बोरिक आम्ल शरीरात जाऊन बाळाला विषबाधा होऊ शकते. १९७२ साली फ्रान्समध्ये एका टाल्कम पावडरीत हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून सुमारे ६ टक्के मिसळले गेले, त्यातून २०४ बाळे आजारी पडली आणि ३६ दगावली. त्वचेवर लावलेले त्वचेवरच राहते असे ज्यांना वाटते, त्यांना मी हे सांगते.

सुगंधी ओले वाइप्स पुरळ असताना बंद ठेवावेत. कोमट पाणी आणि मऊ सुती कापड पुरते.

डाळीचे पीठ, साय-हळद आणि मालिश करणाऱ्या बाईंचे घासणे या जागेपासून दूर ठेवावे. मोहरीच्या तेलानेही आग होते.

झिंक ऑक्साइडचे मलम लावायचे तर थर असा हवा की खालची त्वचा दिसू नये. पुढच्या वेळी तो थर खरवडून काढू नये, मळलेला वरचा भाग तेवढा टिपून घ्यावा आणि वर नवा थर द्यावा. मलम कामी येत नाही म्हणणाऱ्या निम्म्या घरांत मला काचेसारखा पातळ थर आणि घासून लाल केलेली त्वचा दिसते.

लंगोटावर प्लॅस्टिकची चड्डी घालू नये. दिवसातून चार-पाच वेळा दहा-पंधरा मिनिटे बाळाला मेणकापडावर सुती दुपटे टाकून उघडे निजवावे. दुपटी जास्त धुवावी लागतील, ते मान्य करावे.

कारण लंगोटाबाहेर असते तेव्हा

या सगळ्या काळजीनंतरही लाली राहिली, तर बाळाचे बाकीचे अंग पाहावे. टाळूवर पिवळट, तेलकट खपल्या असतील आणि कानामागे, मानेच्या घडीतही तसेच असेल, तर ते सेबोरिक त्वचादाह असू शकते. तळहात-तळपायांवर फोड आणि घरातल्या इतरांना रात्री खाज, असे असेल तर खरजेचा विचार करावा लागतो, आणि मग औषध सगळ्या घराला एकाच वेळी घ्यावे लागते. शीत चिकट आव आणि रक्ताचे धागे असतील, तर डॉक्टर गाईच्या दुधातील प्रथिनांच्या ॲलर्जीची शक्यता तपासतात. तोंडाभोवती, हातापायांच्या टोकांवर आणि लंगोटाखाली अशा तीन ठिकाणी एकाच वेळी खपल्या दिसत असतील, तर जस्ताची कमतरता असू शकते. ती विरळ आहे, पण ती कोणत्याही मलमाने बरी होत नाही, जस्त दिल्यावर मात्र झपाट्याने सुधारते.

पू भरलेले फोड, पिवळ्या खपल्या, सुटणारी साल, रक्त येणे किंवा बाळ दूध ओढेनासे होणे, यांपैकी काहीही दिसले तर वहीचे तीन दिवस मोजत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर रात्र असली तरी निघावे. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब एका पिशवीत घालून न्याव्यात आणि वही सोबत घ्यावी. त्या सकाळी पांढरे मलम लावू नये, नाहीतर डॉक्टरांना त्वचेऐवजी मलमच पाहावे लागते आणि ते पुसून काढताना बाळ रडते.