निर्गुडीच्या डहाळीचे स्वप्नजाळे

ड्रीमकॅचर, म्हणजेच स्वप्नजाळे, ही मूळची उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे या आदिवासी समाजाची वस्तू आहे. तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे विणलेले लहानसे कडे टांगले, की बाळाला अपाय करणारे सारे त्यात अडकून राहते, अशी त्या समाजाची श्रद्धा आहे. विणायला बसण्यापूर्वी मुलांना हे अवश्य सांगावे.

ते लोक वाळुंजाच्या कुळातील झाडाची डहाळी वापरत. आपल्या विदर्भात नाल्याकाठची निर्गुडी किंवा बुरुडाकडील बांबूची पातळ कामटी हे काम उत्तम करते. तुराटी मात्र घेऊ नये, कारण ती वाकवताच कडकन मोडते. ओल्या डहाळीचे सुमारे 15 सेंटिमीटर व्यासाचे कडे करून दोन्ही टोके सुतळीने घट्ट बांधावीत आणि ते दोन दिवस सावलीत वाळू द्यावे.

जाळ्यासाठी तीन मीटर मेणदोरा किंवा अंबाडीच्या वाखाची अगदी बारीक दोरी लागते. एक टोक कड्याला बांधावे, मग साधारण सहा सेंटिमीटर अंतरावर दोरा कड्यावरून मागे नेऊन त्याने तयार झालेल्या फासातून बाहेर ओढावा. असे आठ फास झाले, की पहिली फेरी पूर्ण होते. खरी गंमत दुसऱ्या फेरीपासून सुरू होते. आता दोरा कड्याला न गुंडाळता आधीच्या फेरीतील प्रत्येक दोऱ्याच्या मधोमध तसाच फास घ्यायचा असतो, आणि तो ओढताच सरळ दिसणारा दोरा आत खेचला जाऊन कोन होतो. हा कोन पहिल्यांदा उमटताना पाहणाऱ्या मुलाला पुढचे काही शिकवावे लागत नाही. फक्त हात सैल ठेवायला सांगावे. जोराने ओढल्यास कडे अंड्यासारखे लांबट होते आणि मग ते सुधारत नाही. मध्ये रुपयाएवढी मोकळी जागा उरली, की गाठ मारावी.

खाली लोंबत्या दोऱ्यांना अंगणात पडलेली कोंबडीची पिसे साबणाच्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून बांधावीत. मण्यांसाठी काळ्या मातीच्या गोळ्या करून त्या ओल्या असतानाच काडीने छिद्र पाडावे. लाल-काळी गुंज कितीही सुंदर दिसली, तरी ती मुलांच्या हाती देऊ नये. तिचे बी विषारी असते आणि भोक पाडताना फुटले तर धोका अधिकच वाढतो. तयार कडे चुलीच्या धुरापासून दूर, खिडकीजवळ टांगावे, आणि घरात रांगते मूल असेल तर त्याचा हात पोहोचणार नाही इतके उंच.